सोनकीची निवांत बाग

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन आधी झाडांना भेटतं आणि मग माणसांना, तिथे एक मोठ्ठी बाग होती. बागेच्या कोपऱ्यातल्या झोपडीत सोनकी नावाची चिमुरडी राहायची. तिला आई नव्हती. तिचे बाबा, येसू माळी, आंब्यावरून पडले आणि त्यांची कंबर धरली ती धरलीच. तेव्हापासून सगळं काम सोनकीच्या इवल्याशा हातांवर आलं. हिरवळ रोज पाणी मागायची, गुलाब रोज पाणी मागायचे, आणि पानं तर झाडून पाठ वळवली की पुन्हा गळायची. शाळेची घंटा तिला लांबूनच ऐकू यायची.

एके दिवशी बागेच्या मालकीणबाई काठी टेकत आल्या. त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत. करपलेली हिरवळ बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

"सोनके, हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही गं. आठ दिवसांनी गवंडी येतील. सगळीकडे फरशी घालून टाकू. पाणी नको नि झाडलोट नको. बाबांना सांग, दुसरीकडे काम बघायला लागेल."

सोनकी लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. तेवढ्यात एक हिरवी हिरवी अळी फांदीवरून खाली पडली आणि मुंग्या धावल्या. सोनकीने डोळे पुसले, अळीला अलगद पानावर घेतलं आणि परत फांदीवर ठेवलं.

"तुझं तरी घर राहू दे बाई," ती म्हणाली.

तर काय! शेजारच्या डहाळीवरचा सुकलेला कोष टचकन उघडला आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. काळेभोर पंख, त्यांवर पिवळे पिवळे ठिपके, जणू कुणी हळदीची बोटं उमटवलीत!

"मी पानपरी," ती गोड आवाजात म्हणाली. "तीन गोष्टी माग, सोनके."

"माझ्या बाबांची कंबर बरी कर!"

परीने मान हलवली. "माणसाच्या दुखण्यावरचा उतारा मागून मला देता येत नाही, बाळे. बागेतलं माग. आणि मागण्याआधी, तिथे ज्याचं घर आहे त्याला विचारायचं. हा माझा नियम."

तिने सोनकीच्या कानावर पंखांची चिमूटभर सोनेरी धूळ टाकली. लगेच सगळी बाग बोलू लागली.

सोनकी हिरवळीपाशी गेली. गुबगुबीत बेडूक म्हणाला, "दगड घाल, माझी ना नाही. पण दोन दगडांत फट ठेव. फटीत ओल असते, ओलीत माझं घर असतं."

सोनकीने तसंच मागितलं. झुळूक आली, आणि तहानलेल्या हिरवळीच्या जागी ओबडधोबड दगडांची वाट उमटली. फटीफटींतून दूर्वा आणि जांभळी फुलं डोकावली.

गुलाबांपाशी निळ्या-जांभळ्या चमकीचा चिमणा शिंजीर भेटला. "गुलाबात माझी चोच बुडत नाही गं. अडुळसा दे, त्यात मध असतो. फुलपाखरांना रुई दे. दोन्ही पावसावर जगतात."

सोनकीने मागितलं, आणि पांढरा अडुळसा, फिकट जांभळी रुई डुलू लागली.

मग तिने खराटा उचलला. पाचोळ्यातून चकचकीत सापसुरळीने डोकं काढलं. "वाटेवरची पानं झाड. झाडाखालची राहू दे, ते आमचं पांघरूण आहे."

यासाठी काही मागायलाच नको होतं. सोनकीने खराटा नुसता खाली ठेवला.

आठव्या दिवशी ताईसाहेब गवंड्यांना घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. रुईवर फुलपाखरांचा थवा भिरभिरत होता. एक तर त्यांच्या काठीवरच येऊन बसलं.

"अगं, याला पाणी कोण घालतं?"

"पाऊस, ताईसाहेब."

"आणि झाडलोट?"

"वाट तेवढी मी झाडते, आठवड्यातून एकदा."

ताईसाहेब दगडावर टेकल्या. कितीतरी वेळ बघतच राहिल्या. "एवढ्याशा पोरीला हे सुचलं! मी फरशी घालून मोकळी झाले असते नि ही बाग बघितलीच नसती." त्यांनी गवंड्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. "झोपडी तुमची, बाग तुझी. आणि उद्यापासून तू शाळेत जायचं!"

सोनकी धावत लिंबाखाली गेली. परी हसत होती. "तिसरी गोष्ट राहिली. पाखरांसाठी कधी न आटणारं तळं देऊ?"

सोनकीने विचार केला. "नको. इथे लिंबाखाली दगडाची परात आहे, ती मीच रोज पाण्यानं भरेन. माझी नि त्यांची रोज गाठ नको का पडायला?"

परीचे डोळे भरून आले. "जे मागून देता येत नाही, ते न मागणाऱ्याला देता येतं!"

झोपडीतून हाक आली, "सोने!" दारात बाबा उभे होते, ताठ, दोन्ही हात पसरून.

परीचे पंख उजळले, लिंबाचं पान न् पान सोन्याचं झालं, आणि त्या प्रकाशात ती विरघळून गेली.

आजही सोनकी शाळेत जाताना परात भरते. कधी उशीर झालाच, तर शिंजीर खिडकीशी येऊन तिला रागावतो.