निरोपाला मागितलेली ओळ

"…मग ही मुलं गात का नाहीत, फादर? एवढंच सांगा मला."

फादर इनास बुटाची नाडी बांधत होते. शेती महाविद्यालयाच्या आवारातलं कॅथलिक विद्यार्थी केंद्र त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं होतं. आता बदलीचा हुकूम आला होता आणि दुपारच्या एस.टी.नं ते निघणार होते. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"तू गातोस म्हणून," ते म्हणाले आणि दुसऱ्या बुटाकडे वळले.

विचारणारा होता केंद्राचा नवा धर्मगुरू, फादर ऑल्विन मच्याडो. वय बत्तीस. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत याच इनास फादरांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून आपणही त्याला नुसतं ऑल्विनच म्हणू.

ऑल्विनच्या नाकाला मिरची झोंबली. आणि का झोंबू नये? अहो, वसईत हा माणूस नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत गायला उभा राहिला की शेजारच्या चार गावांतले लोक चर्चच्या पायऱ्यांवर बसून ऐकत. शास्त्रीय गाण्याची विशारद केलेली. पेटी अशी वाजवायचा की बोटं दिसायचीच नाहीत. आणि आपण चांगलं गातो, हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. खरी गोम तिथंच होती.

"मी गातो म्हणून ती गात नाहीत?"

"हं."

"हा काय न्याय झाला, फादर!"

इनास फादरांच्या बुटाच्या नाडीला गाठ पडली होती, ती सोडवत बसले.

आता इनास फादरांच्या गाण्याचं म्हणाल, तर विचारू नका. सूर आणि ते, यांची उभ्या जन्मात भेट झालेली नव्हती. गीत सुरू करायचे एका पट्टीत, दुसऱ्या ओळीला कुठं जातील ते देवालाच माहीत. आणि आवाज केवढा! मुलं आधी हसायची, मग त्यांना सावरायला म्हणून जोरात गायची. दर रविवारी वसतिगृहात हाकाटी व्हायची, "चला रे, फादरांना सांभाळायला!" राहुरीची, वसईची, केरळची, झारखंडची दीडशे पोरं त्या चॅपलमध्ये एकमेकांना खेटून बसायची. चॅपल म्हणजे महाविद्यालयाचं बियाण्यांचं जुनं गोदाम. वर पत्रे. ती दीडशे पोरं गायला लागली की पत्रे थरथरायचे, हे गावातल्या कुणालाही विचारा.

जूनमध्ये ऑल्विन आला. त्यानं माइक बदलला, पेटी दुरुस्त करून घेतली, गीतांना नव्या चाली लावल्या. पहिल्या रविवारी तो गायला तेव्हा पोरं अक्षरशः श्वास रोखून ऐकत राहिली. ऑल्विनला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या रविवारीही ती ऐकत राहिली. तिसऱ्याही.

पाचव्या रविवारी मागची बाकं रिकामी दिसायला लागली. सातव्या रविवारी, म्हणजे गेल्याच आठवड्यात, जेमतेम चाळीस जण होते, आणि त्यांतले दहा मोबाइल बघत होते. मागच्या बाकावर इनास फादर मांडीवर हात ठेवून बसले होते. तेही ऐकत होते.

"आज सकाळचंच घ्या," ऑल्विन म्हणाला. तो खोलीभर येरझारा घालत होता. "पंधरा ऑगस्ट. मी झेंडावंदनाला मैदानावर होतो. हीच मुलं, फादर, हीच! राष्ट्रगीताला काय आवाज लावला त्यांनी! छाती भरून आली माझी. आणि सुरुवात कुणी करून दिली, तर खेळाच्या खोत सरांनी. त्या माणसाचा घसा म्हणजे नुसती घरघर. सूर वरचा की खालचा, पत्ता नाही."

"खोत सरांनी सुरुवात केली?"

"त्यांनीच."

"आणि मुलं गायली."

"तेच तर म्हणतोय मी! तिथं गातात, आणि माझ्यापुढं आली की तोंडात मूग धरतात. मी काय घोडं मारलंय त्यांचं?"

इनास फादर बूट घालून उभे राहिले. पाय आपटून बघितले.

"बूट चावतोय," ते म्हणाले.

ऑल्विन खिडकीशी जाऊन थांबला. खाली मिस्सेच्या उपासनेसाठी पोरं जमत होती. मरिया मातेच्या स्वर्गारोहणाचा सण, त्यात इनास फादरांचा शेवटचा दिवस, त्यामुळे आज गर्दी होती. पांढरे सदरे, खिशाला तिरंग्याचे बिल्ले. सगळ्यांचं लक्ष इनास फादरांच्या दाराकडे. ती गर्दी आपली नाही, हे त्याला उमजत होतं आणि ते फार लागत होतं.

"फादर, एक सांगून टाकतो," तो वळला. "आजची मिस्सा झाली की मी बिशपांना फोन करणार आहे. मला इथून हलवा म्हणून सांगणार. तुम्ही अकरा वर्षांत उभं केलेलं मी सात आठवड्यांत मोडलं. आणखी सहा महिने राहिलो तर या चॅपलमध्ये परत बियाणं भरावं लागेल."

"आज करणार फोन?"

"आजच."

"बरं."

बरं! एवढंच. ऑल्विनला वाटलं होतं, म्हातारा समजूत घालील, पाठीवर हात ठेवील. कसलं काय. इनास फादर चष्मा पुसत होते.

"निरोपाला मला काय देणार आहेस?" त्यांनी अचानक विचारलं.

"अं? शाल आणलीय. सोलापुरी. मुलांकडून एक घड्याळ आहे."

"शाल नको. बहिणीनं दिलेल्या चार पडून आहेत."

"मग काय हवं तुम्हाला?"

"आज आभाराचं गीत कुठलं म्हणणार आहेस?"

ख्रिस्तप्रसाद घेऊन झाला की सगळे शांत बसतात, तेव्हा एक गीत होतं. आजच्या सणासाठी ऑल्विननं ते स्वतः रचलं होतं. शब्द त्याचे, चालही त्याची. आठवडाभर खपून गीताचे कागद काढून बाकांवर वाटले होते, आणि दोनदा तालीमही घेतली होती. तालमीला तोच गायला होता, हे वेगळं सांगायला नको.

"म्हण बघू."

"आत्ता?"

"म्हण रे."

ऑल्विन उभ्याउभ्याच गायला. "मरिये माते, तुझ्या दारी, आम्ही लेकरं आलो… वाट चुकलो होतो सारी, हाक ऐकून आलो…" दुसऱ्या ओळीवर त्यानं जी जागा घेतली, ती ऐकून इनास फादरांचे डोळे भरले. खोटं नाही, खरंच भरले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"काय गातोस रे तू, ऑल्विन! देवानं काय गळा दिलाय तुला!"

ऑल्विन सुखावला. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी हे बोललं होतं.

"यातली सगळ्यांत चांगली ओळ कुठली?"

"हीच. 'वाट चुकलो होतो' वाली. सगळी चाल त्या ओळीसाठीच बांधलीय मी."

"मग ती मला दे."

"म्हणजे?"

"निरोपाची भेट. ती ओळ माझी. तू ती गायची नाहीस."

ऑल्विन एक पाऊल पुढं आला.

"अहो, पण फादर… ती धृपदात आहे. दर कडव्यानंतर येते."

"दर वेळी गायची नाहीस."

"मग पेटीवर तेवढी वाजवू?"

"वाजवायचीही नाहीस. हात वर."

"मग ती म्हणणार कोण? तुम्ही?"

इनास फादरांनी बॅग उचलली, परत खाली ठेवली.

"दिलीस का नाही, ते सांग."

ज्या माणसानं आपल्याला घडवलं, त्यानं जाता जाता एक गोष्ट मागितली. शाल नको म्हणाला, घड्याळाचं नावही काढलं नाही.

"दिली," तो म्हणाला. पण मनातून जळफळत होता, हेही खरं.

मिस्सा सुरू झाली. ऑल्विन वेदीवर, इनास फादर मागच्या बाकावर. प्रवचन झालं, बरं झालं. ख्रिस्तप्रसाद झाला. चॅपल शांत झालं. ऑल्विन वेदीशेजारच्या पेटीशी येऊन बसला. मोठमोठ्या मैफलींत बिनघोर गाणारा हा पठ्ठ्या, आणि आज दीडशे पोरांपुढं पेटीचा भाता उगाच चाचपत बसला.

"मरिये माते, तुझ्या दारी, आम्ही लेकरं आलो…"

झाली पहिली ओळ.

ऑल्विननं पेटीवरचे हात उचलले. ओठ मिटले.

…

पोरांनी वर बघितलं. फादर विसरले की काय? पेटी बिघडली? ग्लोरिया शेळके, गायनवृंदाची प्रमुख, तिसऱ्या वर्षाची मुलगी, कागद हातात धरून त्याच्याकडे बघायला लागली. तिनं भुवया उंचावल्या. ऑल्विननं मान हलवली नाही.

…

एक क्षण गेला, दोन गेले. ओळ त्याच्या ओठांवर येऊन थटली होती. गाऊन टाकावं, मोकळं व्हावं, मग म्हाताऱ्याची क्षमा मागता येईल, असंही मनात येऊन गेलं. त्यानं दात आवळले.

…

"वाट चुकलो होतो सारी…"

डावीकडून आवाज आला. भसाडा, फाटका, निम्मा नाकातला. झारखंडचा सुशील तिर्की, हॉकीचा गोलकीपर. जूनपासून तो चॅपलमध्ये ओठही हलवत नव्हता. मराठी त्याला धड येत नव्हतं, कागदावर बोट ठेवून वाचत होता. सूर असा काही लागला होता की ऑल्विनच्या अंगावर काटाच आला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण तिर्की थांबला नाही. गोलकीपरच तो, एकटा उभा राहायची सवय होती.

"…हाक ऐकून आलो," ग्लोरियानं साथ दिली. तिच्या मागून तिचा गट. मग केरळची चार मुलं, एकदम वरच्या पट्टीत. ओळ संपली तेव्हा निम्मं चॅपल त्यात होतं, आणि सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

ऑल्विननं घाईघाईनं पहिलं कडवं घेतलं. पुन्हा धृपद आलं. पहिली ओळ त्यानं दिली आणि हात उचलले.

या वेळी वाट बघावी लागली नाही.

दीडशे गळ्यांनी ती ओळ उचलली. अहो, उचलली म्हणजे काय, पळवली! चाल जागोजाग मोडली, ती सुंदर जागा कुठल्या कुठं गेली, कुणी पुढं, कुणी मागं. ऑल्विनचे कान दुखत होते आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. तिसऱ्या कडव्याला पोरं आपणहून उभी राहिली. शेवटचं धृपद सुरू करायला ऑल्विननं तोंड उघडलं, तर त्याच्या आधीच पहिली ओळ सुरू झालेली! त्यानं माइक बंद केला. पेटी मिटली. वेदीच्या चौथऱ्यावरून खाली उतरला आणि पहिल्या बाकाशी, पोरांत जाऊन उभा राहिला.

गीत संपेना. संपलं की कुणीतरी परत सुरू करायचं. पाच वेळा झालं ते धृपद. वर पत्रे थरथरत होते. ऑल्विन आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. त्याला ओरडावंसं वाटत होतं, आणि एका वेळेला तो ओरडलाही, पण त्या कल्लोळात कुणाला कळलं नाही.

मिस्सा संपल्यावर पोरांनी त्याला घेरलं. तिर्की म्हणाला, "फादर, पुढच्या रविवारी पण आमच्यासाठी एक ओळ सोडा हां." ग्लोरिया म्हणाली, "एक काय, दोन सोडा." ऑल्विन हसला, रडला, दोघांच्याही पाठीत धपका घातला. पुढच्या रविवारची तालीम कधी ठेवायची, ते तिथंच ठरलं. बिशपांना करायचा फोन त्याच्या ध्यानातही राहिला नाही.

इनास फादर दिसेनात तेव्हा तो धावतच फाटकापर्यंत गेला. एस.टी. येऊन उभी होती. म्हातारा बॅग घेऊन पहिल्या पायरीवर चढत होता.

"फादर! फादर, थांबा!" ऑल्विन धापा टाकत होता. सदरा घामानं चिंब, चेहरा उजळलेला. "ऐकलंत ना? माझी पोरं… काय गायली माझी पोरं! तुम्ही ऐकलंत ना? कसं झालं, फादर? खरं सांगा, कसं झालं?"

कंडक्टरनं घंटी मारली. इनास फादर दारातल्या दांड्याला धरून वळले.

"काय की बाबा…" ते म्हणाले. "मी गात होतो."