मंजुळेने परीला काय विचारलं

वेळूच्या हिरव्यागार बनाला लागून एक इवलंसं खोपटं होतं. तिथे मंजुळा आणि तिची आत्या राहायच्या. आत्याने तिला टोपल्या विणायला शिकवलं होतं. आता आत्या थकली आणि सगळं विणणं दहा वर्षांच्या मंजुळेवर आलं. वेळू चिरून काढलेल्या कामट्यांनी तिची चिमुकली बोटं सोलून निघायची. टोपल्या छान व्हायच्या, पण बाजारात तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्यापाशी कुणी थांबतच नसे.

एका सोनेरी सकाळी बनात तिला पानावर बसलेली परी दिसली. करंगळीएवढी, पोपटी झग्यातली, पंखांवर दवाचे मोती.

"घरटं असलेला वेळू तू कधीच तोडत नाहीस," परी म्हणाली. "म्हणून तुला दोन वर देते. पण ते स्वतःच्या घरासाठी मागायचे नाहीत. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला काय हवंय ते आधी त्यालाच विचारायचं. अंदाजाने मागितलेला वर वाऱ्यावर उडून जातो."

बाजारात फुलवाल्या कावेरीमावशींची शेवंती सुकलेली दिसली. फुलं ताजी राहू देत, असं मंजुळा मागणारच होती, तेवढ्यात तिला नियम आठवला. तिने जवळ बसून विचारलं. फुलं तर सुकायचीच, मावशी म्हणाल्या, पण हल्ली हार ओवताना सुईचं नेढंच दिसत नाही. मंजुळेने वर मागितला. मावशींच्या डोळ्यांत चांदण्या लुकलुकल्या आणि त्यांना लख्ख दिसू लागलं.

मंजुळेला आता विचारायची गोडीच लागली. राणूकाका कुंभारांची मडकी गाडीत फुटायची. याला वर कशाला, म्हणत तिने मऊ गवत लावलेली, खणाखणांची टोपली विणली. मग एकही मडकं फुटलं नाही. ज्यांना टोपली नको असे, त्यांच्यापाशीही ती गप्पा मारायला थांबायची. उरलेला वर ती विसरूनच गेली.

काही वर्षांनी सगळ्या वेळूंना एकदम फुलोरा आला. आत्याचा चेहरा उतरला. फुललं की वेळूचं बन वाळून जातं, तिने सांगितलं.

मंजुळा धावत बनात गेली. परी मलूल बसली होती.

"परीताई, तुला काय हवंय?"

परीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "माझं घर पुन्हा उगवायला हवंय. पण बी उंदीर खाऊन टाकतील. ते पेरायला खूप हात लागतील."

मंजुळेने बाजारात सांगितलं आणि सगळा बाजार बनात आला. राणूकाकांच्या गाडीत कावेरीमावशींच्या माहेरचे वेळू होते.

"बन उगवेपर्यंत तुझं विणणं थांबायला नको," मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी मिळून बी पेरलं. मग मंजुळेने परीच्या घरासाठी दुसरा वर मागितला. पुढे याच बनाच्या वेळूपासून विणलेल्या मंजुळेच्या टोपल्या गावोगावी पोहोचल्या. पण त्या दिवशी फक्त मातीतून हिरवे, नाजूक कोंब वर आले, आणि परी हसत हसत त्यांच्यावर सोनेरी उजेड होऊन पसरली.