बांबूचे दुसरे टोक

खाडीकाठच्या एका गावात रावजी नावाचा एक कासार राहत होता. बांगड्या भरताना त्याचा हात इतका हलका, की लहान मुलीसुद्धा रडत नसत. पाय मात्र भलतेच उतावळे. कोणाबरोबर चालायचे म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. सोबत घेतली की आपलीच खोटी होते, असे तो चारचौघांत सांगत असे.

पलीकडच्या गावाला जायचे तर ओहोटीच्या वेळी खाडी पायी ओलांडता येई. वाळूचे पट्टे उघडे पडत. पण मधे मधे चिखल होता, वरून घट्ट दिसणारा आणि पाय ठेवला की माणसाला आत ओढणारा. म्हणून त्या गावांची एक रीत होती. काठावर एक लांब बांबू ठेवलेला असे. दोघांनी त्याचे एकेक टोक धरायचे आणि बांबूभर अंतर ठेवून चालायचे, म्हणजे दोघे एकाच चिखलात सापडत नाहीत. पलीकडे पोचेपर्यंत कोणी टोक सोडायचे नाही.

एकदा पलीकडच्या गावात लग्न निघाले. हळद लागायच्या आत नवरीला चुडा भरायचा होता. रावजी बांगड्यांची पेटी घेऊन काठावर आला, तर तिथे चिटपाखरू नव्हते. ओहोटी संपत आली होती. तो येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी येसू आजी आली. वय सत्तरीचे, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर बाळंतीण लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचे गाठोडे. रावजीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण करतो काय? त्याने बांबू उचलला.

आजी प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होती. रावजी पुढून ओढत होता. आज जमीन बरी वाटत नाही, सावकाश चल, असे तिने त्याला दोनदा सांगितले. त्याचे लक्ष पाण्याकडे होते. भरती काही समोरून वाजतगाजत येत नाही. ती आधी बारीक ओहळांतून शिरते. निम्मी खाडी झाली आणि रावजीला बाजूचा ओहळ भरताना दिसला.

"आजी, तू ये मागून. मी होतो पुढे," तो म्हणाला आणि त्याने टोक सोडून दिले.

आजीने हाका मारल्या. त्याने मागे वळून पाहिले नाही.

शंभरेक पावले गेला असेल, तोच त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा रोवला, तर तोही गेला. धडपड करावी तसा तो आणखी रुतत चालला. मांड्या चिखलात गेल्या. मग पाणी आले आणि बघता बघता कमरेला लागले. त्याने मान वळवली. आजी लांब दिसत होती, बांबू फरफटत आणत होती. तिच्यासमोरचा पट्टा अजून कोरडा होता. ती तशीच पुढे निघून गेली असती, तरी तिला कोणी बोल लावला नसता. रावजीला हाक मारायची होती, पण लाजेने आवाज फुटेना.

आजी मात्र वाकडी वाट करून त्याच्याकडेच वळली. जवळच्या खडकावर ती चढली, बांबूचे एक टोक खडकाच्या फटीत अडकवले आणि दुसरे त्याच्याकडे सरकवले. मग ती बांबूवर भार टाकून बसली.

"पेटी सोड. दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली.

"नवरीचा चुडा आहे गं त्यात."

"नवरीला दुसरा मिळेल. तू दुसरा मिळणार नाहीस."

रावजीने पेटी सोडली. ती दोनदा हेलकावली आणि बुडाली. त्याने बांबू घट्ट धरला आणि तसूतसूने स्वतःला ओढत खडकावर आणले. मग दोघांनी पुन्हा एकेक टोक धरले. पाणी आधी घोट्याला होते, पुढे आजीच्या छातीला लागले. आता रावजी तिच्या पावलाने चालत होता. कोणीही टोक सोडले नाही.

काठावर पोचताच त्याने तिचे पाय धरले. त्याला रडू आवरेना.

"आजी, मी तुला अर्ध्यात टाकून गेलो. तरी तू माझ्यासाठी थांबलीस."

आजी लुगड्याचा पदर पिळत होती.

"तुझ्या एकट्यासाठी नाही रे बाबा," ती म्हणाली. "पुढे अर्धी खाडी उरली होती. ती एकटीने ओलांडायची माझीही छाती नव्हती."

तात्पर्य: सोबत म्हणजे सबळाने दुबळ्यावर केलेला उपकार नव्हे. तिची गरज दोघांनाही सारखीच असते. हे विसरून जो हात सोडतो, तो आधी स्वतःचाच आधार गमावतो.