कपड्यांच्या खोलीची खिडकी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. जिच्या बाबतीत ती घडली तिनेच बजावलंय. म्हणून तिचं नाव बदलून मी वृंदा ठेवते आणि गावाचं नाव सांगतच नाही. घाटमाथ्यावरचं गाव आहे आणि चार महिने तिथे पाऊस हटत नाही, एवढं पुरे.

“...मग ठेवायची की नाही ठेवायची? एवढंच सांगा, बुवा.”

“काय?”

“खिडकी! मघापासून मी काय सांगतेय?”

बुवा शेगडीपुढे बसले होते. देवळामागच्या मठात ते एकटेच राहत. निखाऱ्यांवर बांबूची टोपली पालथी घातली होती आणि तिच्यावर त्यांची ओली धाबळी पसरली होती. पावसाळ्यात तिकडे पांघरुणं अशीच वाळवतात.

बुवांनी धाबळीची बाजू पालटली.

“पुन्हा सांग. सावकाश सांग.”

वृंदा शाळेत गणित शिकवायची. पुन्हा सांगायची तिला सवय होती, आवड नव्हती.

नवं घर अर्ध्यावर आलं होतं. निजायच्या खोलीला लागून तिने कपड्यांसाठी एक छोटी खोली काढली होती. आत शिरून उभं राहता येईल असं कपाटच म्हणा ना. त्या खोलीला खिडकी ठेवायची की नाही, ते आजच ठरवायला हवं होतं. गवंडी खोळंबला होता.

“खिडकी नसेल तर कपड्यांना बुरशी येणार,” ती म्हणाली. “असेल तर ऊन लागून रंग उडणार. मी म्हणते, उत्तरेच्या भिंतीला ठेवू, लहानशी. वारा येईल, ऊन येणार नाही. यात काही चुकतंय का?”

“काही नाही.”

“मग आमच्या आईंना सांगा ना तुम्ही! तुमचं ऐकतील त्या.”

आई म्हणजे वृंदाच्या सासूबाई.

“त्या काय म्हणतात?”

“म्हणतात, ‘कपड्यांना खिडकी काढतेस होय, बाई? काढ. त्यांनाही जरा गावची हवा खाऊ दे.’ आणि आता नव्या घरात येणारच नाही म्हणतात. जुन्या घरात एकट्या राहणार! गुडघे धरलेत, उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. आणि हे सगळं एका खिडकीवरून!”

बुवांनी टोपली जरा सरकवली.

“त्यांच्याशिवाय त्या घरात मी काय करू, बुवा?” तिचा आवाज एकदम खाली आला. “मी शिकत होते तेव्हा माझी दोन्ही पोरं त्यांनी अंगाखांद्यावर वाढवली. मला साधी भाकरी थापता येत नव्हती...”

“खिडकीवरूनच रुसल्या म्हणतेस?”

“खिडकीवरूनच. मी किती समजावलं! म्हटलं, आई, हे सगळं तुमच्या शालूसाठी तर चाललंय. माझ्या लग्नात पोटाला चिमटा काढून शालू घेतला होता त्यांनी मला. अजून कोरा आहे. घडीसुद्धा मोडली नाही मी त्याची. इतकं कोण जपतं हल्ली?”

“कोण जपतं!” बुवा म्हणाले.

“तसंच म्हटलं मी त्यांना. तर उठून आत गेल्या. बोलणंच बंद.”

...

कौलांवर पाऊस वाजत राहिला. बुवांनी धाबळी चाचपून पाहिली आणि हात काखेत घातले.

“वृंदे, गारठलो बघ. हे काही लवकर वाळत नाही. त्या पेटीत पांघरायला काही असेल तर दे.”

पेटी कोपऱ्यात होती, अंधारात. वृंदाने ती ओढत दाराशी आणली. आत कडुनिंबाचा पाला होता, त्याखाली पोथीचं फडकं, आणि सगळ्यांत तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी.

तिने ते उलगडलं.

जांभळी रेशमी शाल. जरीचा काठ.

ती तिनेच दिली होती. पहिल्या पगाराची. गुरुपौर्णिमेला सगळ्यांदेखत बुवांच्या खांद्यांवर घातली होती, आणि तेव्हा बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिने शाल झटकून उघडली. रेशीम घडीवर चिरलं.

दुसरी घडी उघडली. तीही चिरली. बुरशीचा ठिपका नव्हता, रंग कालच्यासारखा होता. फक्त जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे कापड गेलं होतं.

“बुवा! एकदासुद्धा पांघरली नाहीत?”

“छे गं. एवढी भारी शाल! इथं शेगडीपाशी कुठं घेऊन बसू? ठिणगी उडाली म्हणजे? फार जपली बघ. ऊन लागू दिलं नाही, ओल लागू दिली नाही. दरवर्षी पाला बदलतो.”

“अहो, पण मी काय ती पेटीत ठेवायला दिली होती? तुम्हाला इथे थंडी वाजते म्हणून मी...”

ती थांबली.

शेगडीत एक निखारा तडकला.

बुवा तिच्याकडे पाहत नव्हते. ते शालीकडे पाहत होते.

वृंदा दाराशीच खाली बसली. शाल मांडीवर घेऊन चिरलेल्या कडा बोटांनी एकमेकींशी जुळवत राहिली. त्या जुळत होत्या, पण बोट काढलं की सुटत होत्या.

“पहिल्या दिवाळीला आई म्हणाल्या होत्या,” ती हळू म्हणाली. “‘नेस गं, कशी दिसतेस बघू तरी दे.’ मी म्हटलं, खराब होईल. मग दर दिवाळीला म्हणायच्या...”

“हं.”

“मग म्हणेनाशा झाल्या.”

...

“मला वाटत होतं, मी त्यांचा मान राखतेय.”

“मलाही तसंच वाटत होतं,” बुवा म्हणाले. “तुझा.”

त्यांनी हात पुढे केला.

“नको, बुवा. फाटलीय. मी दुसरी आणते.”

“दे गं इकडे.”

त्यांनी शाल अंगाभोवती गुंडाळली. चिरांमधून आतली बंडी दिसत होती. काठ कानापर्यंत ओढून घेतला, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. लहान मुलाने नवे कपडे घातल्यावर बसावं तसे ते बसले होते. वृंदाला हसू आलं, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

तिने वाकून नमस्कार केला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ती वाकलेली राहिली.

दाराबाहेर पाऊल टाकून छत्री उघडली, तेव्हा कुठे तिला आठवलं.

“बुवा... आणि खिडकी?”

“ते गवंड्याला विचार,” बुवा डोळे न उघडता म्हणाले. “माझी थंडी गेली.”