अडीनडीचा बैल

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरे माणसांशी बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकतही असत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात एक मळेकरी राहत असे. त्याचा पानमळा, म्हणजे विड्याच्या पानांचा मळा, पंचक्रोशीत नावाजलेला होता. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या हिरव्यागार वेली, आत भर उन्हाळ्यातही गारवा, आणि मळ्यात पाऊल टाकण्याआधी वहाणा बाहेर काढायच्या, असा तिथला शिरस्ता. पानवेल मोठी नाजूक असते. उन्हाळ्यात दोन-चार दिवस पाणी चुकले, तर ती मान टाकते आणि मग काही केल्या उचलत नाही. मळेकऱ्याचे सगळे घर त्या वेलींवर चालत होते.

पाण्याची ददात मात्र नव्हती. डोंगरातून एक ओढा धावत येई. त्याच्या धारेवर एक मोठे लाकडी चाक रात्रंदिवस फिरे आणि पाणी उचलून मळ्याच्या पाटात सोडी. त्याला ना बैल लागे, ना माणूस.

गावातले बाकीचे लोक त्या चाकाकडे बघत निवांत असत. मळेकरी तसा नव्हता. ओढा आज आहे, उद्या रुसला तर, असे त्याच्या मनात येई. म्हणून त्याने मळ्याच्या कडेला विहीर खणली. विहिरीवर मडक्यांच्या माळेचा रहाट बसवला. रहाट फिरवायला जत्रेतून एक देखणे खोंड आणले आणि त्याचे नाव ठेवले अडीनडीचा बैल.

आता त्या गावाची एक रीत होती. अडचणीच्या दिवसांसाठी ठेवलेली प्रत्येक वस्तू लोक तांबड्या फडक्यात बांधत आणि माळ्यावर ठेवत. कुणाच्या गाठोड्यात तेल असे, कुणाच्या गूळ आणि डाळ, कुणाच्या जादा दिवा. अडचण नसताना गाठ सोडली तर अडचणीला आवतण जाते, अशी तिथे सगळ्यांची समजूत होती. त्यामुळे एकदा बांधलेली गाठ कुणी सोडत नसे.

मळेकऱ्यानेही रहाटाचे दोर आणि बैलाचे जू तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले. रहाटावर झापांचे छप्पर घातले. बैलाच्या शिंगाला तांबडा दोरा बांधला आणि त्याला चिंचेच्या सावलीत उभे केले. रोज पेंड, गूळ, अंघोळ. काम शून्य.

हळूहळू ही तयारी बघायला लोक येऊ लागले. मळेकरी सगळ्यांना हौसेने फिरवी. ही विहीर, हा रहाट, हा बैल. पाहुणे बैलाच्या पाठीवर थाप देत आणि बैल ऐटीत मान हलवी. शेजारचा कोष्टी तेवढा म्हणे, "दादा, एवढी बडदास्त तर आमच्या जावयाचीही नाही."

एकदा मळेकऱ्याच्या बायकोने सुचवले, की एखाद्या दिवशी रहाट फिरवून तर बघू. मळेकऱ्याने कानांवर हात ठेवले.

"अगं, वापरलं की झिजतं. आणि गाठ सोडून अडचणीला बोलावू का मी?"

 ती माळ्यावरच्या गाठोड्याकडे बघत राहिली.

अशी काही वर्षे गेली. मग एका वैशाखात डोंगरावरची मोठी दरड कोसळली. ओढ्याने वाट बदलली आणि तो डोंगराच्या पलीकडे उतरू लागला. मळेकरी सकाळी उठला, तेव्हा चाक थांबलेले होते.

खरे सांगायचे तर त्याला वाईट वाटले नाही. उलट जरा आनंदच झाला. ज्या दिवसासाठी एवढे केले, तो दिवस शेवटी आला होता. त्याने अंघोळ केली, ठेवणीतला फेटा बांधला आणि गावाला बोलावणे धाडले. गावचे इतर बैल गाड्यांना जुंपून मिठाच्या पेठेला गेले होते आणि ते परतायला वेळ होता. तेव्हा आज साऱ्या गावाची मदार आपल्या बैलावर, या विचाराने त्याची छाती फुगली.

सगळे जमल्यावर त्याने गाठोडे खाली उतरवले आणि गाठ सोडली.

आतून उंदीर पळाला. दोरांचा भुगा झाला होता. रहाटाचे छप्पर काढले, तर उन्हाने तडकलेली मडकी हात लावताच फुटू लागली. मळेकऱ्याने घाईने जू उचलले आणि बैलाच्या मानेवर ठेवायला गेला. ते बसेना. जू खोंडाच्या मापाचे होते आणि खोंडाचा आता डोंगर झाला होता.

"जूच चोरीला गेलं असतं तर बरं झालं असतं," कोष्टी म्हणाला. "निदान चोराला नाव ठेवता आलं असतं."

लोक हसले. मळेकऱ्याने तिकडे लक्ष न देता बैलाला पुढे ढकलले.

"चल राजा. फिर."

"कुठे जायचं, मालक?" बैलाने विचारले.

"कुठे नाही. इथेच गोल फिरायचं. म्हणजे पाणी वर येतं."

बैल विचारात पडला. तो आळशी नव्हता, मनाचाही वाईट नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "मालक, इतकी वर्षं तुमचं खातो आहे. हे आधी का नाही सांगितलंत? मला वाटलं, सावलीत उभं राहायचं आणि कुणी थाप दिली की मान हलवायची, हेच माझं काम. त्यात मी कधी कसूर केली का?"

या वेळी कुणी हसले नाही. मळेकरी खाली बसला. त्याने मळ्याकडे पाहिले. कडेच्या वेलींची पाने मऊ पडू लागली होती. हातावर घेतलेले पान हातावरच लवले. चूक बैलाची नव्हती, दोरांची नव्हती, उंदराचीही नव्हती. वस्तू जमवल्या म्हणजे तयारी झाली, असे धरून चालला होता तो स्वतःच.

एवढ्यात त्याला पाण्याचा आवाज आला. त्याची बायको कधीच विहिरीत उतरली होती. घागर भरून तिने पायरीवर ठेवली आणि वर बघून म्हणाली, "अहो, रडायचं ते संध्याकाळी रडू. आधी ही घागर धरा."

मळेकऱ्याने फेटा काढून ठेवला आणि घागर धरली. मग शेजारणी आल्या, म्हातारेकोतारे आले. या हातातून त्या हातात घागरी जाऊ लागल्या. पण मळा मोठा आणि घागर लहान. विहिरीजवळच्या वेली तेवढ्या भिजत होत्या. पलीकडच्या सरींपर्यंत पाणी पोचेना.

कोष्टी जिभेने तिखट असला तरी हाताने चलाख होता. तो घरी गेला, मागावर लावायला काढलेले सूत घेऊन आला आणि बसल्या बसल्या त्याचे जाड दोर वळू लागला. कुंभाराने आपल्या घरची मडकी दिली. जू बसत नव्हते, म्हणून बैलाच्या छातीवरून घोंगडीचा जाड पट्टा घेतला. राहिले बैलाला शिकवायचे.

मळेकरी स्वतः रहाटाच्या दांड्याला खांदा लावून उभा राहिला.

"असं," तो बैलाला म्हणाला. "मी चालतो तसा तू चाल."

पुढे मळेकरी, मागे बैल. पहिल्या फेरीला दांडा कुरकुरला. मडक्यांची माळ हलली, आणि पाण्याची पहिली धार पाटात पडली. सगळ्यांच्या तोंडून एकदमच सुस्कारा निघाला.

फेरी संपली आणि बैल थांबला. काही केल्या पुढे जाईना. नुसता मान हलवत उभा. कोष्ट्याच्या ध्यानात आले. त्याने पुढे होऊन बैलाच्या पाठीवर थाप दिली. बैल खूश होऊन चालू लागला. पुढच्या फेरीला पुन्हा थांबला. मग काय, गावकऱ्यांनी पाळ्याच लावल्या. एक फेरी, एक थाप. मळा भिजवताना लोक हसून हसून दमले.

पण हसण्याने गेलेला वेळ परत येत नाही. बैल नीट शिकेपर्यंत आणि दोर पक्के होईपर्यंत पलीकडचा अर्धा मळा वाळून गेला. अलीकडचा अर्धा वाचला. त्या अर्ध्या मळ्यावर मळेकऱ्याच्या घराने ते वर्ष काढले. ओढूनताणून काढले, पण काढले.

मळेकऱ्याने गाठ सोडली त्याच दिवशी दिवेलागणीला घरोघरी लोक गुपचूप माळ्यावर चढले. कुणाचे तेल खवट झाले होते, कुणाच्या डाळीत किडे नांदत होते. कोष्ट्याच्या जादा दिव्यात तर मुंग्यांनी वारूळ केले होते. 

पुढे गावाने दरड फोडली आणि ओढा जुन्या वाटेला आणला. चाक पुन्हा फिरू लागले. सगळे पूर्वीसारखे झाले, असे लोकांना वाटले. पण पौर्णिमा आली आणि मळेकऱ्याने फिरते चाक आपल्या हाताने अडवले. बैलाला नवे, मापाचे जू लावले आणि दिवसभर मळा रहाटाच्या पाण्यावर भिजवला. दोर झिजले तिथे बदलले. बायकोने माळ्यावरचा गूळ काढून त्याच्या पोळ्या केल्या आणि गाठोड्यात नवा गूळ भरला.

म्हातारे लोक धास्तावले, अडचण नसताना गाठ सोडली म्हणून. पण काही वाईट झाले नाही. झाल्या त्या फक्त गुळाच्या पोळ्या. पुढच्या पौर्णिमेला आणखी चार घरांनी गाठी सोडल्या. मग तो सणच होऊन बसला. त्या दिवशी गावभर जुनी डाळ शिजे, जादा दिवे उजळत, आणि मुले बैलाला थापा द्यायला धावत.

अशीच काही वर्षे गेली. एका उन्हाळ्यात मळेकरी दुपारी जेवायला बसला होता. बायकोने भाकरी वाढली आणि सहज सांगितले, "ओढा परत अडलाय हं, सकाळपासून."

मळेकऱ्याचा घास हातातच राहिला. "आणि मळा?"

"भिजून झाला," ती म्हणाली. "आमटी वाढू का?"

बोध: अडचणीसाठी जे राखून ठेवतो, ते सुखाच्या दिवसांत वापरून पाहावे, तरच ते अडचणीत उपयोगी पडते.