काळकड्याचं तूप

एका राज्यात दया फार होती. इतकी, की तिच्यासाठी राजाने वेगळा वाडा बांधला, वाड्यावर प्रधान नेमला आणि त्याला दयाप्रधान म्हणू लागला. त्याच राज्याच्या उत्तरेला काळकडा नावाचा डोंगर होता. तिथली माणसं हळूहळू दगड होत होती. ऐकायचं तर ऐका, मागाहून मला बोल लावू नका.

झालं होतं असं. एक मांत्रिक भुकेला होऊन कड्यावर आला. लोकांनी पान मांडलं, भात वाढला. मांत्रिक म्हणाला, "वर तूप?" कड्यावर ना गाय, ना म्हैस, तूप आणायचं कुठून? त्याला वाटलं, लपवलं. तो भरल्या पानावरून उठला, अंगणातल्या शिळेवर बसला आणि बोलला, "पायांपासून दगड व्हाल. परक्यांनी दिलेलं रांजणभर तूप या शिळेवर सांडेल तेव्हा सुटाल. मात्र ज्याची छाती दगड झाली, तो गेला." एवढं बोलून तो घार झाला आणि उडाला.

कड्यावर भिवरा नावाची बाई होती. माहेर खालच्या मुलखातलं, म्हणून शाप तिला लागला नाही. पण तिची लेक ठकू जन्माने कड्याची. सहा वर्षांच्या त्या पोरीची आधी बोटं दगड झाली, मग घोटे. भिवराने तिला पाठंगुळीला मारली आणि थेट राजापुढे नेऊन ठेवली. राजा रडला. खोटं नाही सांगत, खरोखर रडला. हुकूम सुटला : घरटी एक चमचा तूप, काळकड्यासाठी.

हत्तीवर रांजण चढला. मागे पालखीत ठकू, पालखीशेजारी भिवरा. दयाप्रधान म्हणाला, "बाई, तू आपलं दुःख गा. मुलीला हसू देऊ नकोस, हसली की लोकांचा चमचा आखडतो. आणि रांजणाला हात लावू नकोस. घेणाऱ्याचा हात दानाला आधी लागला तर ती चोरी. तूप वाड्यात येईल, पूजा होईल, मग रीतीने कड्यावर जाईल."

"जशी आज्ञा," भिवरा म्हणाली. गरिबाकडे असतं काय, तर एक अब्रू. तिला ती डाग कसा लागू देईल?

भिवरा गायली. काय गायली म्हणता! चुलीपुढच्या बाया पदर डोळ्यांना लावत दारात आल्या. पहिल्याच दिवशी दुपारी रांजण काठोकाठ भरला. सांजेला वाड्यात गेला, सकाळी रिता होऊन परत आला. भिवराला वाटलं, पोचलं. पण ठकूचे गुडघे दगड झाले. तिने विचारलं तर वाड्यातून उत्तर आलं, "निघालंय, बाई. दयेला वेळ लागतो." रांजण रोज भरे, रोज रिता होई. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसरं लागलं. दगड ठकूच्या कमरेच्या वर चढला.

तेव्हा रांजणाच्या काठावर बसलेली साळुंकी बोलली, "भिवरे, घसा फोडून किती गाशील? तुपाच्या वाटेवर तीन दारं आहेत. जा, बघून ये."

पहिलं दार हत्तीखान्याचं. दुलबा माहूत हत्तीला तुपात बुडवलेले रोट भरवत होता. पहिल्या साली एक हत्ती होता, आता सात झाले होते.

"हे कड्याचं तूप ना, दादा?"

"हत्तीही कड्याचंच काम करतात, आई. हत्ती नसले तर दारात कोण येईल?"

दुसरं दार दिव्यांच्या महालाचं. तिथे हजारो समया जळत होत्या. वाती सारणारी म्हातारी म्हणाली, "दात्यागणिक एक समई. समई विझली की पुढल्या साली चमचा येत नाही."

"दाता तूप देतो एक चमचा. समईला किती लागतं?"

"दीड," म्हातारी म्हणाली आणि पुढची वात सारू लागली.

तिसरं दार भोजनशाळेचं. शंभर मानकरी पंगतीला बसले होते, पुरणपोळीवर तुपाची धार धरली होती. दयाप्रधान जराही ओशाळला नाही.

"बैस, बाई. तुमच्याच दुःखाचा विचार चाललाय. उपाशीपोटी विचार सुचत नाही."

"आणि कड्यावर काय जातं, महाराज?"

"दर महिन्याला निरोप जातो, की तूप येतंय."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे परवडले हो, ते निदान मरेपर्यंत थांबतात! पण खरं सांगू? त्या तीन दारांत भिवराला एकही चोर दिसला नाही. चोर असता तर तिने त्याचा गळा धरला असता. इथे ज्याला त्याला आपली रीत होती, आणि जो तो आपलं काम नेकीने करत होता. ती आल्या पावली मागे वळली.

परत आली तेव्हा ठकू म्हणाली, "आई, बरगड्यांना गार लागतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी रांजण भरला. भिवराने हत्तीचा कान धरला आणि त्याचं तोंड उत्तरेला फिरवलं. दुलबा कळवळला, "आई, चोरी होईल!"

"होऊ दे."

दुलबाने अंकुश खाली टाकला. वाजंत्री पांगले, भोई पालखी सोडून पळाले. भिवराने ठकूला उचलून हत्तीवर घेतलं आणि रांजणाला टेकवून बसवलं. कडा दोन दिवसांच्या वाटेवर होता. वाटेत ती म्हणाली, "ठके, आता कुणी बघत नाही. हस पाहू."

पोरीने ओठ हलवून पाहिले. "कसं करायचं, आई?"

भिवराने तिला कुरवाळलं, गुदगुल्या केल्या, माहेरच्या बोकडाची गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी ठकू "हं" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या पायथ्याशी, ती "हं" म्हणेनाशी झाली. भिवराने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. गोष्ट सांगतच ती चढ चढली.

शिळेपाशी पोचून तिने रांजण लोटला. तूप शिळेवर सांडलं आणि शाप सुटला. कमरेपर्यंतचे, पोटापर्यंतचे, सगळे दगड तडकले. माणसं उठली, एकमेकांच्या गळ्यात पडली, पोरं अंगणभर धावली. भिवरा हत्तीवरच बसून होती. मांडीवर ठकू दगडाची होती, डोक्यापासून पायांपर्यंत.

चौथ्या दिवशी राजा वाजतगाजत आला. दयेचा विजय झाला म्हणून साखर वाटली. कड्याची माणसं दयाप्रधानाच्या पाया पडली. बिचाऱ्यांनी तीन वर्षं निरोप ऐकला होता, की तूप येतंय, आणि ते आलं होतं. भिवराचा गुन्हा माफ झाला. दयाप्रधान तिला म्हणाला, "दक्षिणेला खाडीकाठी माणसं आंधळी होतायत. औषधाला मध लागतो. तुझ्यासारखं गाणारं कुणी नाही."

"मला आता गाता येणार नाही."

"मग नुसती रड. लोक रडण्यालाही देतात."

भिवराने लेकीला अंगणात पुरलं आणि ती दक्षिणेला निघाली, पण गायला नव्हे. खाडीकाठच्या वाटेवर तिला हत्ती दिसला. हत्तीवर मधाचा घडा होता, मागे पालखीत डोळे झाकोळलेला एक लहानगा, शेजारी त्याची आई गात होती. घडा भरत आला होता. भिवराने धावत जाऊन तिचा हात धरला. "बाई गं, थांबू नकोस! घडा घे आणि आत्ताच्या आत्ता पोराच्या डोळ्यांत मध घाल. माझं ऐक, मी हात जोडते."

त्या बाईने हात सोडवून घेतला. तिने भिवराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आम्ही गरीब आहोत, बाई," ती म्हणाली, "चोर नाही." आणि तिने पुढचं कडवं घेतलं.

कथा इथे संपते. सुफळ म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा नुसतीच संपूर्ण.