वहीत न लिहिलेली चिमूट

“...पण मग पाणी बदलूनही नायट्रेट चढतंच कसं?”

टिपणीससरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. जैनबबी पडवीत कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सर तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जैनबबींनी चाळीस वर्षं मत्स्यसंशोधन केंद्रात टाक्या धुतलेल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. घरात समुद्राचे मासे पाळणारे लोक पार पुण्याहून रत्नागिरीला त्यांच्या पडवीत येत. आज सर आले होते. निघताना बायकोला “अडला हरी” एवढंच म्हणाले होते. पुढचं तिला कळलं.

सरांच्या घरची काचेची टाकी त्यांच्या लेकीची, ऋजुताची. ती शिकायला जर्मनीला गेली तेव्हा टाकीत सात मासे होते. आता दोन. दर रविवारी ती फोनवर मासे दाखवायला सांगायची, आणि सर फोन टाकीतल्या खडकापुढे धरून म्हणायचे, बाकीचे आत लपलेत गं. गेल्या रविवारी ती नुसती खडकाकडे बघत राहिली होती.

परवा पुन्हा रविवार.

सरांनी वही उघडली. शिकलेल्या माणसाला वही उघडली की जरा धीर येतो. सकाळचं माप, संध्याकाळचं माप, खारटपणा, तापमान. दर तिसऱ्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदललेलं. तरी माशांना घातक नायट्रेट विसावरून चाळीस, चाळिसावरून ऐंशी. तपासणीच्या नळीतलं पाणी आता लालभडक होतं.

“गाळणी नवी घातली. दुकानदार म्हणाला म्हणून नायट्रेट शोषणारं शेवाळही लावलं. माझं कुठं काही चुकत नाही.”

“मग मासे चुकत असतील, मास्तर.”

मास्तर म्हटलेलं सरांना खपत नसे. पण त्यांनी गिळलं.

“खायला किती घालता?”

“दिवसातून दोनदा. मोजून.”

“आणि मधे?”

“मधे काही नाही.”

जैनबबी पुन्हा कोळंबीकडे वळल्या...

पडवीच्या कोपऱ्यात त्यांची टाकी होती. खडकाखाली बीळ करून राहणारा एक पिवळा मासा तीत आहे, असं सरांनी ऐकलं होतं. ते बघू लागले. खडक होता, वाळू होती, पाणी आरशासारखं होतं. मासा नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. डावीकडून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मासा आपला नाही हे ठाऊक असूनही त्यांनी उजवीकडूनही पाहिलं.

टाकीशेजारी खाण्याची डबी होती. हात तिच्याकडे केव्हा गेला ते सरांनाच कळलं नाही. झाकण निघालं, चिमूट भरली, पाण्यावर आली...

जैनबबींचा हात मधे आला. चिमूट त्यांच्या ओल्या तळहातावर पडली.

“हे काय?”

“काही नाही. दिसत नव्हता ना... खाणं टाकलं की बाहेर येतो. आहे, एवढं कळतं. जीव भांड्यात पडतो.”

“घरीही असंच?”

सरांनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

“किती वेळा?”

सरांनी वहीचं एक पान उलटलं. आणखी एक उलटलं. तिथं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. उठल्या उठल्या एक चिमूट. पेपर वाचून झाल्यावर. ऋजुताचा फोन आला की, आणि यायचा राहिला की तेव्हाही. पहिला मासा मेल्यावर जास्त. पाचवा मेल्यावर तर तासातासाला. उरलेलं अन्न पाण्यात कुजतं आणि शेवटी त्याचं नायट्रेट होतं, हे त्यांनी स्वतः तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

त्यांचे कान तापले. लाज वाटली की माणूस आधी समोरच्यावरच चिडतो.

“तुम्हाला नाही वाटत काळजी? अर्धा तास झाला, तुमचा मासा दिसलेला नाही.”

“अर्धा तास कसला. मंगळवारपासून दिसला नाही. सकाळी त्याचं खाणं टाकते नि कामाला लागते.”

“आणि... मेला असला तर?”

वही सरांच्या हातातून निसटून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

जैनबबींनी तळहातावरची चिमूट अंगणातल्या कोंबड्यांकडे झटकली. हात पदराला पुसला.

“त्यानं तरी मला मंगळवारपासून कुठं पाहिलंय? तो म्हणतो का, मी मेले म्हणून?”